चाळीस धोतरं आणि अकरा वाजताचं विमान

नागपूरचा सोनेगाव विमानतळ आणि कलकत्त्याचा दमदम विमानतळ यांच्यामधलं हवाई अंतर सहाशे पाच मैल आहे. डाकोटा विमानाला ते कापायला तीन तास सत्तेचाळीस मिनिटं लागतात. या दोन वाक्यांबद्दल माझ्या मनात काडीची शंका नाही. बाकी सगळ्याबद्दल आहे. दाराला कडी लावली की नाही हे पाहायला मी दोनदा परत येतो, आणि तिसऱ्यांदा येतो ते आधीच्या दोन वेळी नीट पाहिलं होतं का ते पाहायला. असा माणूस एखादी गोष्ट छातीठोकपणे सांगत असेल, तर वाचकांनी तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नसावी. हिशोब बरोबर होता. जे काही झालं, ते हिशोबाच्या बाहेर झालं.

आमचं गाव सौंदड स्टेशनापासून चार मैलांवर. तिथल्या शाळेत मी तीस वर्षं मास्तर होतो. ही गोष्ट चोपन्न सालची. तेव्हा मी निवृत्त झालो होतो आणि गावाच्या उपयोगाची दोनच कामं माझ्याकडे उरली होती, चिठ्ठ्या वाचणं आणि चिठ्ठ्या लिहिणं. उरलेला वेळ मी पुस्तक घेऊन बसत असे, आणि जिथे बसत असे तिथेच वच्छलेला, म्हणजे माझ्या बायकोला, नेमकं झाडायचं असे.

माघातल्या एका दुपारी रामकलीबाई चिठ्ठी घेऊन आल्या. रामकलीबाई म्हणजे चुन्नीलालजी बिसेन यांच्या घरच्या. पोवारांचं मोठं घर, तलावाखाली पंचवीस एकर धानाची जमीन, आणि मुलगा एकच, झामसिंग. तो माझा विद्यार्थी. तीन वर्षांपूर्वी ऐन रोवणीत, म्हणजे धानाची लावणी चालू असताना, त्याला सोनेगावच्या विमानतळावर मेकॅनिकची नोकरी लागली आणि तो निघाला. चुन्नीलालजी गुडघाभर चिखलात उभे होते. हातातली धानाची पेंढी खाली टाकून ते म्हणाले, "जाऊन राहिला त जा. पण मंग या धुऱ्यावर पाय ठेवजो नोको."

धुरा म्हणजे शेताचा बांध. झामसिंग आज्ञाधारक मुलगा. बापाचं हे एवढंच वाक्य त्याने पाळलं, पण तीन वर्षं पाळलं.

मी चिठ्ठी वाचली. "आई, माझी बदली कलकत्त्याला झाली आहे. येत्या सोमवारी सकाळी साडेदहाच्या विमानाने जाणार. तिकडे किती वर्षं ठेवतील सांगता येत नाही. तब्येतीला जपावे."

रामकलीबाईंनी पदराने नाक पुसलं. मग म्हणाल्या, "गुरुजी, ते विमान कोठून जाते जी? आपल्या गावावरून जाते का?"

आता, हा प्रश्न कोणी दुसऱ्याला विचारला असता तर तो "कोणास ठाऊक" म्हणून मोकळा झाला असता. पण मला तीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी असा प्रश्न विचारला होता, ज्याचं उत्तर नकाशात होतं.

शाळेतला भिंतीवरचा नकाशा मी मागून आणला. वाळवीने बंगालच्या उपसागराचा बराच भाग खाल्ला होता, पण कलकत्ता शाबूत होतं. वच्छलेच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा घेतला, एक टोक नागपूरवर धरलं, दुसरं कलकत्त्यावर, आणि ताणला. बारा इंच आणि वर जवाएवढा. इंचाला पन्नास मैल. सहाशे पाच. शंका नको म्हणून सात वेळा मोजलं. सातही वेळा तेच.

आणि दोरा सौंदडच्या जरासा वरून गेला होता. म्हणजे आमच्या गावावरून.

"पाहा," मी म्हणालो. "इथे आपण."

"इतुकसं?" रामकलीबाई म्हणाल्या.

"सोनेगावहून पासष्ट मैल. विमान ताशी एकशे साठ मैल जातं. म्हणजे चोवीस मिनिटं. वर चढायला सहा धरू. साडेदहाला निघालं तर बरोबर अकरा वाजता तो आपल्या डोक्यावर असेल."

वच्छला केरसुणी घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "बाजाराच्या दिवशी किती वाजता निघायचं ते यांना कळत नाही, अन् विमानाचं सांगून राहिले."

संध्याकाळी चुन्नीलालजी आले. सहज आलो म्हणाले. तीन वर्षांत ते माझ्याकडे सहज आले नव्हते. नकाशासमोर बराच वेळ उभे राहिले.

"रेल्वेनं किती पडते जी कलकत्ता?"

"सातशे तीन मैल."

"अन् विमानानं?"

"सहाशे पाच."

"मंग अठ्ठ्याण्णव मैल कोठी गेले?"

"रेल्वे वळणं घेत जाते. विमान सरळ जातं."

"सरळ जाऊन राहिलं त जाऊ द्या," ते म्हणाले. "आपल्याले काय करायचं आहे." आणि जागचे हलले नाहीत.

तेवढ्यात रामकलीबाई आल्या. त्या काही सहज आल्या नव्हत्या.

"अवो, त्याले बोलवा न एकदा. कलकत्त्याले गेला का मंग कोठचा येते."

"मी म्हणलो ते म्हणलो."

"चिठ्ठी लिहा. गुरुजी लिहून देतात."

"चिठ्ठी मी लिहिणार नाही."

"मंग चिठ्ठी नोका लिहू," रामकलीबाई म्हणाल्या. "पांढरं लावा."

हे समजावून सांगायला हवं. आमच्या गावात धानाची कापणी चालली, की माणसं दूर दूरच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, पांगलेली असतात. हाका कोणाला ऐकू जात नाहीत. म्हणून घरची बाई जेवण घेऊन शेतात आली, की एक पांढरं धोतर बांबूला बांधून उभं करते. त्याला पांढरं लावणं म्हणतात. पांढरं दिसलं की हातातला विळा खाली, आणि यायचं. भांडण असो, अबोला असो, पांढरं दिसल्यावर आलं नाही असं होत नाही. झामसिंग लहानपणापासून त्या पांढऱ्याकडे धावलेला. म्हणजे बोलावणं तर होणार होतं, आणि बापाला तोंड उघडायची गरज नव्हती.

चुन्नीलालजींनी नकाशाकडे पाठ केली.

"माह्या वावरात मी धोतर वाळू घालतो," शेवटी ते म्हणाले. "त्याची कोणाले मनाई आहे का?"

"नाही जी," मी म्हणालो.

"मंग झालं. पण चिठ्ठीत माह्यं नाव नाही पाहिजे. पांढऱ्याचंही लिहू नोका. निस्ती वेळ लिहा."

मी लिहिलं: "चि. झामसिंग यास अनेक आशीर्वाद. सोमवारी विमानात बसल्यावर घड्याळाकडे लक्ष ठेवावे. बरोबर अकरा वाजता खाली पाहावे. शक्य झाल्यास दोन्ही बाजूंनी पाहावे. यापेक्षा जास्त लिहिण्याची मला परवानगी नाही." ते शेवटचं वाक्य मी केवळ प्रामाणिकपणापायी घातलं. ते घातलं नसतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

रात्री अंथरुणावर मला पहिली शंका आली. विमान सहा हजार फुटांवर. धोतर लांबीला बारा फूट. म्हणजे वरून ते, हात लांब करून धरलेल्या मोहरीच्या दाण्याएवढं दिसणार. एक मोहरी कोणाला दिसते? सकाळी मी चुन्नीलालजींना सांगितलं, निदान चाळीस धोतरं लागतील, आणि ती एकाला एक लावून, दोन लांब ओळींत अंथरावी लागतील.

ते गावात फिरले. घरोघरी धोतर मागितलं. कोणी विचारलं काऊन जी, तर म्हणाले, "वाळू घालायची आहेत."

"धुतलेलीच आहेत."

"मंग लवकर वाळतीन."

चुन्नीलालजींपुढे प्रश्न विचारायची आमच्या गावात पद्धत नव्हती. धोतरं मिळाली. मी यादी केली.

दुसरी शंका रविवारी आली. वारा. एका पुस्तकात वाचलं होतं, की पाठीशी वारा असला तर विमान लवकर पोचतं. समजा लवकर आलं? मी चुन्नीलालजींकडे गेलो. "साडेदहापासून अंथरून ठेवू." घरी आलो. समजा साडेदहाला निघण्याऐवजी ते दहालाच निघालं? परत गेलो. "नऊपासून ठेवू." तिसऱ्यांदा गेलो तेव्हा रामकलीबाई चुलीपुढून म्हणाल्या, "गुरुजी, सकाळी सातले टाकून देऊ. तुम्ही आता झोपा."

सोमवारी सकाळी सात वाजता तलावाखालच्या कापलेल्या बांध्यांत चाळीस धोतरं अंथरली गेली. दोन सरळ ओळी. दव वाळलं, ऊन आलं, आणि काय सांगू, दिवाळीत सारवलेल्या अंगणात रांगोळीची रेघ ओढावी तसं दिसत होतं. रामकलीबाईंनी एक धोतर बांबूला बांधून मधोमध उभंही केलं. "त्याशिवाय त्याले कळणार नाही," म्हणाल्या. मी खिशातलं घड्याळ पाहिलं. चार तास होते. काय बिघडणार होतं?

आठ वाजता तलावाच्या पाळीवर टिकाराम दिसला. टिकाराम पलीकडच्या गावचा, दात घासायला पाळीवर आलेला. तोंडात काडी तशीच धरून तो खाली पाहत राहिला. मग वळून लगबगीने निघून गेला.

मला काही वाटलं नाही. हेच माझं चुकलं. ज्या माणसाला आयुष्यभर प्रत्येक गोष्टीची शंका आली, त्याला त्या एका क्षणी शंका आली नाही.

साडेआठला टिकाराम परत आला तो पंधरावीस माणसं घेऊन. प्रत्येकाच्या हातात पाण्याचा गडवा.

"राम राम, चुन्नीलालजी," तो म्हणाला. "सांगितलं नाही जी अगोदर. पण आमी समजलो. एका धोतरात दहा माणसं जेवतात. चाळीस धोतरं म्हणजे चारशे पान. एवढं पांढरं त माह्या आज्यानंही पाह्यलं नसन." आणि पहिल्या धोतरावर मांडी घालून बसला.

चुन्नीलालजींनी माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं.

वाचकहो, धोतरं दोन ओळींत अंथरली होती. समोरासमोर. मधून वाढप्याला जायला जागा. मी आकाशातून काय दिसेल याचा इतका विचार केला होता, की जमिनीवरून काय दिसेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. जमिनीवरून ती पंगत दिसत होती.

नऊला डाव्या अंगाच्या गावचे आले. साडेनऊला आणखी एका गावचे आले, ते बैलबंडी जुंपून, म्हातारी माणसं घेऊन. दहा वाजता केशोरीकडे निघालेले चौघे अनोळखी वाटसरू वाट सोडून आले, आणि जागा नाही म्हणून तक्रार करू लागले. आमच्या गावची माणसंही आली. ती आपापलं धोतर ओळखून त्यावरच बसली.

"गुरुजी, सांगा त्यायले," चुन्नीलालजी दात आवळून म्हणाले. "तुम्ही शिकलेले आहा."

मी पंगतीच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. चार माणसांपुढे बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. इथे अडीचशे होती. मी घसा साफ केला.

"मंडळी," मी म्हणालो. "एक विनंती आहे. हे जे पांढरं आहे, ते वस्तुतः आपल्यासाठी नसून…"

"गुरुजी आग्रह करून राहिले," टिकाराम सगळ्यांना ओरडून म्हणाला. "सरका रे, गुरुजींले जागा द्या."

दोघांनी माझे हात धरून मला खाली बसवलं. खरं सांगायचं तर उभं राहण्यापेक्षा ते बरं वाटलं.

पण रामकलीबाई खमक्या. त्या एकेकाला उठवत निघाल्या. "उठ बापू. पाया पडतो, थोडा वेळ उठ." माणूस उठे, त्यांची पाठ वळली की बसे. सूर्य वर चढत होता, माघातलं ऊन अंगाला गोड लागत होतं, आणि ज्याला बसायला मिळालं होतं त्याला उठायचं कारण समजत नव्हतं.

अकराला दोन मिनिटं कमी असताना मला आवाज ऐकू आला. आधी भुंग्यासारखा. मग जात्यासारखा. मी घड्याळ पाहिलं, आणि मला रडू येईल असं वाटलं, कारण ते बरोबर येत होतं. मिनिटावर. पश्चिमेकडून, दोऱ्याच्या रेषेवरून, उन्हात चकाकत, आणि मी धरलं होतं त्यापेक्षा बरंच खालून.

चुन्नीलालजी धुऱ्यावर उभे होते. सकाळपासून धोतरं वाळू घातल्याचं सोंग केलेला तो माणूस एकदम पंगतीत शिरला.

"उठा रे," ते ओरडले. "उठा. माह्या पोट्ट्याले दिसू द्या. वरून जाऊन राहिला माहा पोट्टा. त्याले बोलवायचं आहे मले. उठा."

चुन्नीलालजींना असं बोलताना कोणी कधी ऐकलं नव्हतं. माणसं गडबडून उठली. अडीचशे माणसं एकदम उठली आणि वर पाहत तिथेच उभी राहिली, धोतरांवर. बाजूला व्हायचं आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण विमान इतक्या जवळून पाहायची संधी पुन्हा येणार नव्हती. एकाने हात हलवला. मग सगळ्यांनी हलवले.

विमान गेलं. आवाज जात्यासारखा झाला, मग भुंग्यासारखा, मग नाहीसा झाला.

चुन्नीलालजी धुऱ्यावर बसले.

"गेला?"

"गेला," मी म्हणालो. आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, "हिशोब बरोबर होता."

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी अजून विसरलो नाही.

टिकाराम आता चपापला होता. "चुन्नीलालजी, आमाले माहीत नव्हतं जी. आमी जातो." माणसं गडवे उचलू लागली. तेव्हा रामकलीबाई बांबूखाली उभ्या राहिल्या. डोळे पुसून त्यांनी पदर खोचला.

"कोठी जाऊन राहिले? माह्या घरी पांढरं लागलं आहे. पांढरं लागल्यावर आमच्या घरून कोणी उपाशी गेलं नाही. बसा."

चुली पेटायला बारा वाजले. नव्या धानाचा भात, लाखोरीची डाळ, वांग्याची भाजी. पहिली पंगत बसली तेव्हा दोन वाजून सतरा मिनिटं झाली होती. मला वेळ आठवते, कारण त्याच मिनिटाला, माझ्या हिशोबाप्रमाणे, झामसिंग दमदमला उतरत होता. मी वाढप्यांत होतो. डाळ वाढताना हिशोब करू नये. मी एकाच माणसाला तीनदा वाढली.

मंगळवार धोतरं धुण्यात गेला. बुधवारी सकाळी मी यादी घेऊन चुन्नीलालजींच्या अंगणात बसलो होतो. चाळीसपैकी एकही धोतर धड पांढरं राहिलं नव्हतं, आणि प्रत्येक माणूस त्यातल्या त्यात कमी डाळ सांडलेलं धोतर आपलं म्हणून ओळखत होता. चुन्नीलालजी ओसरीवर बसून होते. दोन दिवसांत ते कोणाशी बोलले नव्हते.

तेवढ्यात पाळीवरून कोणीतरी येताना दिसलं. अनवाणी. डोकं चकाचक, मिशा नाहीत. धुऱ्यापाशी तो जरा थबकला, मग त्यावर पाय ठेवून सरळ अंगणात आला.

चुन्नीलालजी हळूहळू उभे राहिले.

"झामसिंग?"

झामसिंग तोंड उघडं ठेवून बापाकडे पाहत राहिला.

"कोण मेलं रे?"

"तुम्ही," झामसिंग म्हणाला.

चुन्नीलालजींनी थोडा विचार केला.

"कधी?"

मग सगळं बाहेर आलं. गुरुजींची चिठ्ठी आली, तीत फक्त खाली पाहा असं होतं, आणि जास्त लिहायची परवानगी नाही असं होतं. तेव्हापासूनच त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. अकरा वाजता खाली पाहिलं, तर आपल्या वावरात पांढरी बिछायत, त्यावर दोन ओळींत पंगत, पाच गावची माणसं, आणि जेवण सोडून सगळी आभाळाकडे हात करून उभी. हे मौतीचं जेवण, असं त्याने तिथेच धरलं. दमदमला उतरला, साहेबाकडे रजेचा अर्ज टाकला, गंगेच्या घाटावर केस दिले आणि हावड्याहून मिळेल ती गाडी धरली. जायला पावणेचार तास लागले होते. यायला दीड दिवस लागला.

"अन् मीच मेलो, हे कायवरून?" चुन्नीलालजींनी विचारलं. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं.

"आई गेली असती त तुम्ही कळवलं असतं," झामसिंग म्हणाला. "तुम्ही गेल्यावर कळवणार कोण?"

चुन्नीलालजी ओसरीवरून खाली उतरले. मुलाजवळ गेले. त्याच्या गुळगुळीत डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. "मिशा तरी ठेवाच्या होत्या," एवढंच म्हणाले. रामकलीबाई चुलीकडे धावल्या होत्या, कारण रडायला त्यांना नेहमी धुराचा आडोसा लागे.

भात खाता खाता झामसिंगला एकदम ठसका लागला. ऑफिसात त्याने अर्ज दिला होता. वडिलांचं निधन, तेरा दिवसांची रजा. आता साहेबाला काय कळवायचं? खोटं बोलून रजा घेतली म्हणून नोकरी जाईल.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वच्छलाही आली होती, तिनेही पाहिलं. मी कागद घेतला. "सदर निधन हे हवाई निरीक्षणातील त्रुटीमुळे" असं लिहिलं आणि खोडलं. "निधन तूर्त झाले नसून" असं लिहिलं आणि खोडलं. तिसऱ्यांदा टाक बुडवला, आणि दौतच सांडली, ती एका धोतरावर.

"द्या सोडून," चुन्नीलालजी हात धुत म्हणाले. "लिहा, बाप आता बरा आहे. पण तेरा दिवस पोट्ट्याले पाठवत नाही."

मी तसंच लिहिलं. पोष्टात टाकल्यावर पत्ता बरोबर होता का ते पाहायला दोनदा परत गेलो. आठवड्याने उत्तर आलं, की वडिलांच्या प्रकृतीला आराम पडल्याचं वाचून कार्यालयाला समाधान वाटलं, रजा मंजूर आहे.